आर्थर फ्लेकची दया येते, म्हणून काय झालं?

'जोकर' 2019 साली आला, त्याचा दुसरा भाग 2024 मध्ये येऊन आपटलासुद्धा, तरी पहिल्या पिक्चरवरचं भांडण काही मिटत नाही. पायऱ्यांवर नाचणाऱ्या त्या लाल सूटवाल्या आर्थर फ्लेकचा, विदूषकाचं काम करता करता खुनी जोकर बनणाऱ्याचा, विषय निघाला की दोन पार्ट्या पडल्याच म्हणून समजा. एक पार्टी म्हणते, खुन्याला हिरो केलाय, असलं काही बघून डोकी फिरतात. दुसरी म्हणते, तो कसला खुनी, समाजाने त्याला खुनी बनवलं, आपल्या सगळ्यांच्यात एक आर्थर असतो वगैरे. मजा अशी की एका बाबतीत दोघांचं एकमत आहे आणि ते दोघांच्याही लक्षात येत नाही: एखाद्याची दया आली की त्याचा गुन्हा माफ झाला. म्हणून पहिल्यांना दया यायलाच नको असते आणि दुसऱ्यांना ती आली की पुढे विचार करायला नको असतो. माझं म्हणणं असं की आर्थरची दया येणं एकदम बरोबर आहे, पिक्चरने ती मेहनतीने कमावलीय, फुकटात मागितलेली नाही. पण त्या दयेवरून त्याने केलेल्या खुनांबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि 'समाजाने घडवला' हे जे वाक्य सगळे टाळ्या घेत फेकतात ते तर पिक्चरमध्ये जे दिसतं त्याच्याशीसुद्धा जुळत नाही.

आधी पहिल्या पार्टीचं ऐकू, कारण त्यांची भीती उगाच आलेली नव्हती. 20 जुलै 2012 ला कोलोराडोतल्या ऑरोरा गावात बॅटमॅनच्याच एका पिक्चरच्या शोमध्ये घुसून एका माणसाने गोळ्या घातल्या, 12 लोक मेले. त्यानंतर त्याच बॅटमॅनच्या जगातल्या व्हिलनवर, एकटा पडलेला, चिडलेला, हातात गन आलेला माणूस दाखवणारा पिक्चर येतोय म्हटल्यावर त्या गावातल्या लोकांच्या पोटात गोळा येणार नाही तर काय होणार? अमेरिकन लष्कराने आपल्या सैनिकांना थेटरात सावध राहायला सांगितलं, मोठ्या शहरांत पोलिसांनी बंदोबस्त वाढवला. आणि इतिहासही त्यांच्या बाजूने साक्ष देतो. 'टॅक्सी ड्रायव्हर' पुन्हा पुन्हा बघून त्यातल्या जोडी फॉस्टरच्या मागे वेडा झालेल्या जॉन हिंकलीने 30 मार्च 1981 ला प्रेसिडेंट रेगनवर गोळ्या झाडल्या. 'जोकर' ज्या पिक्चरांचं ऋण उघड उघड मिरवतो त्यातला हा पहिला, त्याचाच हिरो रॉबर्ट डी नीरो इथे टीव्ही होस्ट मरे फ्रँकलिन झालाय, आणि गोष्टही 1981 सालातच घडते. तेव्हा 'पिक्चरचा कोणावर काही परिणाम होत नाही हो' असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पण हिंकलीच्या केसकडे नीट बघा. त्याला त्या टॅक्सी ड्रायव्हरची दया आली आणि म्हणून त्याने गोळी झाडली असं झालं का? त्याला फॉस्टरच्या नजरेत भरायचं होतं, सगळ्या देशाने आपल्याकडे बघावं असं काहीतरी करायचं होतं. दया ही दुसऱ्याकडे बघण्याची गोष्ट आहे आणि हा माणूस तर सगळ्यांनी माझ्याकडे बघा म्हणत होता. 1774 मध्ये जर्मन लेखक गोएटेची वेर्थरची कादंबरी आली, प्रेमभंगाने आत्महत्या करणाऱ्या तरुणाची, तेव्हाही युरोपात हाच गदारोळ झाला होता. लायपझिग शहराने 1775 मध्ये पुस्तकावर बंदी घातली आणि वेर्थरचा निळा कोट आणि पिवळं वेस्टकोट घालून फिरायलासुद्धा मनाई केली. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीसुद्धा अधिकाऱ्यांना एवढं कळत होतं की नक्कल होते ती ड्रेसची, स्टाईलची, मिरवण्याची. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या त्या पायऱ्यांवर फोटो काढायला जगभरातून टुरिस्ट येतात, त्यातल्या कितींना आर्थरच्या आजाराशी काही देणंघेणं असतं? आणि प्रत्यक्षात झालं काय, तर पिक्चर रिलीज झाला, शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई करून गेला आणि ज्या गोळीबारांची भीती होती ते काही झाले नाहीत. त्याच ऑक्टोबरमध्ये बैरूत आणि सांतियागोच्या रस्त्यांवर जोकरचा मेकअप केलेले चेहरे दिसले खरे, पण एका ठिकाणी ठिणगी पडली होती व्हॉट्सॅप कॉलवरच्या टॅक्समुळे आणि दुसऱ्या ठिकाणी मेट्रोच्या तिकिटात झालेल्या 30 पेसोंच्या वाढीमुळे. ते लोक आधीच तापलेले होते, त्यांना मुखवटा आयता मिळाला इतकंच.

ऑरोराच्या लोकांचं नाव घेऊन जे बोलतात त्यांनी अजून एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवली. मृतांच्या काही नातेवाइकांनी वॉर्नर ब्रदर्सला पत्र लिहिलं होतं, त्यात पिक्चरबद्दलची अस्वस्थता होतीच, पण बंदी घाला असं कुठेही नव्हतं. त्यांची मागणी होती की बंदुकवाल्या लॉबीचे पैसे घेणाऱ्या पुढाऱ्यांना स्टुडिओने देणग्या देणं बंद करावं आणि बंदुकीच्या हिंसेतून वाचलेल्यांसाठी पैसा द्यावा. एकदम मुद्द्याची, हिशोबाची मागणी. बातम्यांमध्ये तिचं काय झालं? 'पीडितांचा जोकरला विरोध'. झालं, पत्राचा जीवच काढून टाकला आणि चर्चा परत कलेच्या स्वातंत्र्यावर. ज्यांचं माणूस गेलं ते बंदुकीवर बोलत होते आणि बाकी सगळे मेकअपवर.

पहिल्या पार्टीचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, आणि तो ते स्वतः फारसा मांडत नाहीत ही वेगळी गंमत. आर्थरला नको तिथे हसू फुटतं, ते त्याच्या हातात नसतं, त्यासाठी त्याने कार्डसुद्धा छापून खिशात ठेवलंय. बसमध्ये समोरच्या सीटवरच्या पोराला तो हसवतो, आई खेकसते, याचं हसू सुरू होतं आणि हा गुदमरत, रडल्यासारखा हसत ते कार्ड पुढे करतो. वाकीन फिनिक्सला ऑस्कर का दिलं ते तेवढ्या एका मिनिटात कळतं. पण पुढे पिक्चर काय जोडणी करतो? सरकारी मदत बंद, गोळ्या बंद, आणि मग आणखी खून. मानसिक आजार असलेली माणसं दुसऱ्याला मारण्यापेक्षा स्वतः मार खाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, हे त्या क्षेत्रातला कोणीही सांगेल. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक अभ्यास छापला, काही लोकांना 'जोकर' दाखवला, काहींना 'टर्मिनेटर'चा नवा भाग, आणि 'जोकर' बघितलेल्यांच्या मनात मानसिक रुग्णांबद्दलचा आकस वाढलेला निघाला. हे खरं नुकसान आहे. आर्थरबद्दल वाटलेली कणव बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसापर्यंत पोचत नाही, उलट त्याच्यापासून चार हात लांब सरकायला शिकवते. पिक्चर चांगला आहे म्हणून हे झाकायचं कारण नाही.

आता दुसरी पार्टी. यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा असा: खुन्याला राक्षस म्हटलं की विषय संपतो, कोणालाच काही बदलावं लागत नाही. कारणं शोधली तरच पुढचा खून टळेल. हे मला शंभर टक्के मान्य आहे. पिक्चरमधल्या गॉथम शहरात कचरा उचलला जात नाही, दवाखान्याचा निधी कापला जातो, हे काही आभाळातून पडलेलं नाही, कोणीतरी सही केलेली असते. पिक्चरमधलं साल निवडणाऱ्यांनी मनात धरलं होतं की नाही देव जाणे, पण खऱ्या अमेरिकेत 1980 साली कार्टरच्या काळात मानसिक आरोग्याचा एक मोठा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी, 1981 मध्ये, रेगन सरकारने बजेटच्या कायद्यातून तो जवळपास सगळा गुंडाळला. तेव्हा आर्थरचं दवाखान्याचं दार बंद होतं तो सीन हवेतला नाही.

तोच सीन परत बघा पण, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. फायलींनी गच्च भरलेली खोली, समोर एक काळी सोशल वर्कर, आर्थर तिला सुनावतो की तू माझं कधी ऐकतच नाहीस, दर आठवड्याला तेच तेच प्रश्न विचारतेस. ती त्याला सांगते की निधी कापलाय, ऑफिस बंद होतंय, तुझ्यासारख्यांची वरच्यांना काडीची पर्वा नाही आणि माझ्यासारख्यांचीही नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकाच कुऱ्हाडीचे घाव बसलेली माणसं आहेत. तिची नोकरी जाणार, घरी कोण आहे, उद्या काय करणार, काही माहीत नाही. कॅमेरा आर्थरबरोबर बाहेर पडतो आणि ती बाई पिक्चरमधून गायब. तिने गन घेतली का? आर्थरच्याच मजल्यावर राहणारी, त्याच लिफ्टमधून जाणारी, पोरीला एकटीने वाढवणारी सोफी, तिने घेतली? 'समाजाने घडवला' म्हणायचं असेल तर त्याच समाजाने घडवलेल्या बाकीच्या लाखोंचं काय करायचं, त्यांच्यावर समाजाचा हात फिरलाच नाही का? कारण सांगायचं तर ते न मारणाऱ्यांनाही लागू पडलं पाहिजे. नाहीतर ते कारण राहत नाही, वकिलाचा युक्तिवाद होतो. आणि न कळत त्या सगळ्या गप्प राबणाऱ्यांचा अपमानही होतो, जणू त्यांनी खून केला नाही म्हणून त्यांचं दुःख जरा कमी प्रतीचं.

बरं, आर्थर स्वतः काय म्हणतो? मरेच्या शोमध्ये त्याला विचारतात की बाहेर विदूषकाचे मुखवटे घालून चाललेल्या आंदोलनासाठी हा मेकअप का, तर तो सरळ सांगतो, मला राजकारणाशी काही घेणं नाही. त्याला कॉमेडियन व्हायचंय, टीव्हीवर यायचंय, मरेने गर्दीतून आपल्याला हाक मारून जवळ घ्यावं हे त्याचं सुरुवातीपासूनचं स्वप्न आहे. त्याची भूक भाकरीची कमी आणि टाळ्यांची जास्त आहे. ही भूक काही वाईट नाही, ती असणाऱ्याचीसुद्धा दया येऊ शकते, पण मग तिला क्रांतीचं लेबल तरी लावू नका. तो नको म्हणतोय आणि आपणच त्याच्या गळ्यात हार घालतोय.

आणि आता पिक्चरने केलेली लबाडी. ट्रेनमधले ते तीन सूटवाले. मुलीला छेडतात, मग आर्थरला बदडतात, तो गन काढतो, दोघं तिथेच पडतात. इथवर स्वसंरक्षण म्हणा, कोर्टही कदाचित म्हणेल. तिसरा? पायात गोळी लागलेला, लंगडत डब्यातून बाहेर पळालेला, आर्थर त्याच्या मागे उतरतो, प्लॅटफॉर्मच्या जिन्यावर त्याला गाठतो आणि पाठमोऱ्या माणसात गन रिकामी होईपर्यंत गोळ्या घालतो. आश्चर्य वाटतं मला, या सीनवर बोलणारे बहुतेक जण तिघांना एकाच वाक्यात उडवतात, 'त्याला मारत होते म्हणून मारलं'. तिसरा कोणी मोजतच नाही. याचं मूळ खऱ्या न्यूयॉर्कमध्ये आहे. 22 डिसेंबर 1984 ला बर्नहार्ड गेट्झ नावाच्या माणसाने सबवेत पैसे मागणाऱ्या चार काळ्या पोरांवर गोळ्या झाडल्या, त्यातला एक कायमचा अपंग झाला. अर्धं शहर गेट्झच्या मागे उभं राहिलं, तोही लोकांना 'आपला माणूस' वाटला, आणि 1987 मध्ये ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून सोडून फक्त विनापरवाना गन बाळगल्याचा दोषी धरला. आता पिक्चरने केलं काय, तर गोष्ट तीच, भुयार तेच, पण गरीब काळ्या पोरांच्या जागी तीन श्रीमंत गोरे मस्तवाल बसवले. मारणारा बदलला नाही, मरणारे बदलले, आणि आपल्या मनाची टोचणी गेली. एवढ्या फरकाने जर दया इकडची तिकडे होत असेल तर ती दया होती की नावडत्या माणसाला गोळी लागल्याचं समाधान?

पुढेही हाच हिशोब. प्रत्येक बळी थोडा थोडा 'लायकीचा' करून ठेवलाय. आईने लहानपणी छळ होऊ दिला, कामावरचा रँडल गन देऊन वर खोटं बोलला, मरेने सगळ्यांसमोर टर उडवली. बघणाऱ्याला कुठे अडखळायला होऊ नये अशी सोय. आणि जिथे अडखळायला झालं असतं तिथे कॅमेराच वळतो: सोफीच्या घरात घुसल्यावर पुढे काय झालं ते दाखवत नाहीत, शेवटी हॉस्पिटलमध्ये बोलणाऱ्या डॉक्टरबाईचं काय झालं ते आर्थरच्या पावलांच्या लाल ठशांवरून समजून घ्यायचं. एकच सीन या सोयीतून निसटलाय. रँडलला मारल्यावर कामावरचाच बुटका गॅरी कोपऱ्यात थरथरत बसलाय, आर्थर म्हणतो जा तू, माझ्याशी चांगला वागलेला तू एकटाच. गॅरी दारापर्यंत जातो आणि कडीची साखळी उंचावर आहे, हात पुरत नाही. ज्याने आत्ता समोर माणूस मारला त्यालाच त्याने हाक मारून दार उघडायला सांगायचं. आणि इथे थेटरात हशा पिकतो. मरेच्या शोमधल्या प्रेक्षक आर्थरवर हसले म्हणून ज्यांना राग आला होता तेच लोक थोड्याच वेळात गॅरीच्या उंचीवर हसतात. दिग्दर्शक टॉड फिलिप्सने हा सापळा मुद्दाम लावला असेल तर त्याला सलाम, नसेल लावला तर नशीब त्याचं. पण 'आपण सगळे आर्थर' म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, त्या क्षणी आपण कोण होतो?

व्हिलनची दया कशी दाखवायची याचा धडा हवा असेल तर आपल्याकडे 1972 पासून आहे, तेंडुलकरांचा 'घाशीराम कोतवाल'. परगावचा माणूस, चोरीचा खोटा आळ, मार, अपमान, पुण्याबाहेर हाकलणं. त्याची दया येतेच. मग तो सूड घ्यायला कोतवाल होतो आणि त्यासाठी स्वतःची पोरगी नानाच्या हवाली करतो. नाटक तिथे आपल्याला सोडत नाही, सुडाची किंमत कोणी भरली ते दाखवतं, ललिता गौरीने. आणि नाना आहे, ज्याला असा घाशीराम सोयीचा आहे तोवर तो आहे, गैरसोयीचा झाला की लोकांपुढे टाकून दिला. घाशीरामची दया येते, त्याची घृणाही वाटते, आणि तो कोणाच्या फायद्यासाठी तयार झाला हेही कळतं, तिन्ही एकदम. 'जोकर'मध्ये बॅटमॅनचा श्रीमंत बाप थॉमस वेन आहे, माज आहे, पण आर्थरच्या असण्याने त्याचं काय साधतं? काहीच नाही, तो नुसता मरण्यापुरता. योगायोग बघा, 'घाशीराम'वरही भांडण झालं ते भलतंच, नानांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, 19 प्रयोगांनंतर नाटक थांबवलं गेलं, आणि नाटक जे म्हणत होतं ते बाजूलाच. कर्णाचंही तेच करतो आपण. जन्मभर सूतपुत्र म्हणून हिणवला गेला हे खरं आणि भरसभेत द्रौपदीबद्दल नको ते तोच बोलला हेही खरं. एक खरं आहे म्हणून दुसरं खोटं ठरवायची घाई का?

हे सगळं मी पहिल्या पार्टीच्या बाजूने बोलतोय असं वाटत असेल तर तसं नाही. पिक्चर बघावा, बघून अस्वस्थ व्हावं, हिल्डर गुडनाडोट्टिरचं ते चेलोचं संगीत ऐकत त्या घाणेरड्या बाथरूममधला नाच बघून अंगावर काटाही यावा. पण आपल्याला नक्की कोणाची दया आली होती हे तपासायची सोय 2024 मध्ये फुकट झाली. दुसऱ्या भागात आर्थर भर कोर्टात सांगतो की जोकर वगैरे कोणी नाही, खून मीच केले. आतापर्यंत आजारी, मार खाल्लेल्या, एकट्या माणसाबद्दल कळवळा असल्याचं सांगणाऱ्यांना हा क्षण आवडायला हवा होता, कारण मेकअपमागचा तो माणूस पहिल्यांदाच खरं बोलत होता. झालं उलटंच. पिक्चरमधले त्याचे भक्त उठून चालते झाले आणि पिक्चरबाहेरचेही, अमेरिकेत पहिल्या शोच्या प्रेक्षकांनी 'डी' ग्रेड देऊन ठेवली. पिक्चर म्हणून तो कंटाळवाणा आहे हे खरं, गाणी संपता संपत नाहीत, मीही दोनदा घड्याळ बघितलं. पण अनेकांचा राग गाण्यांवर नव्हताच, आमचा जोकर काढून घेतला यावर होता. हवा होता जोकर, आणि नाव घेत होते आर्थरचं.

त्या लांबलेल्या पिक्चरमध्ये गॅरी परत येतो, साक्षीदार म्हणून. आर्थर वकिलाचा आव आणून, नकली दाक्षिणात्य अमेरिकन हेल काढून त्याची उलटतपासणी घेतो, त्याच्या नावाचीही मजा करून घेतो. गॅरी रडत रडत सांगतो की ऑफिसात माझी कधीच टर न उडवणारा तू एकटाच होतास, आणि त्या दिवसापासून मला झोप नाही, कामावर जाता येत नाही, भीती जात नाही. 'समाजाने घडवला' म्हणणाऱ्यांनी बाकी दोन तास सोडून दिले तरी चालतील, एवढी साक्ष तेवढी बघा, आणि या माणसाला कोणी घडवलं तेही त्याच आवाजात सांगा.